समासातली उत्तरं

डेट्रॉइटजवळच्या नोव्हाय गावच्या लायब्ररीत मी मुलीची गोष्टींची पुस्तकं परत करायला गेले होते. दाराजवळच्या फळ्यावर एक चिठ्ठी टाचलेली होती. घरोघर जाऊन लोकांच्या मुलाखती घेणारी माणसं हवीत. तास आपल्या सोयीचे, गाडी स्वतःची, इंग्रजी स्पष्ट. शेवटच्या अटीपाशी मी जरा अडखळले. नागपूरला अर्थशास्त्रात एम.ए. केलेलं, इंग्रजी वाचायला-लिहायला उत्तम, पण इथल्या दुकानात व्हिनेगर मागितलं की काउंटरवरची मुलगी दोनदा "काय?" म्हणायची. तरी मी फोन नंबर उतरवून घेतला.

ऐंशीचं दशक संपत आलं होतं. आम्हाला अमेरिकेत येऊन सात वर्षं झाली होती. नवरा एका कार कंपनीत सीट डिझाइन करणाऱ्या विभागात इंजिनिअर होता. मुलगी नुकतीच पहिलीत गेली होती. सकाळी नऊ ते दुपारी साडेतीन घरात मी एकटीच असायची. आजूबाजूच्या मराठी बायकांपैकी दोघी डॉक्टर होत्या, एक बँकेत होती. शनिवारी पॉटलक, म्हणजे प्रत्येकाने एकेक पदार्थ आणून केलेलं जेवण, असलं की "तू काय करतेस?" हा प्रश्न मला कोणी विचारायचं नाही, आणि तेच मला लागायचं.

चिठ्ठीतलं ते ऑफिस डेट्रॉइटमधल्या एका कॉलेजच्या संशोधन केंद्राचं होतं. तिथले डायरेक्टर सतत सर्दी झालेले, मऊ आवाजाचे गृहस्थ होते. त्यांनी माझं सर्टिफिकेट उलटसुलट पाहिलं आणि विचारलं, "समजा कोणी तोंडावर दार लावलं, तर काय कराल?"

"पुढचं दार वाजवीन," मी म्हटलं.

ते हसले आणि मला घेतलं.

विषय असा होता. अमेरिका आणि कॅनडा यांनी एकमेकांच्या मालावरची जकात काढून टाकायची, म्हणजे दोन्ही देशांची मिळून एकच बाजारपेठ होईल, अशी बोलणी चालली होती. डेट्रॉइटमध्ये हा काही परराष्ट्राचा प्रश्न नव्हता. नदीच्या पलीकडे विंडसर दिसतं, पूल ओलांडला की कॅनडा. गाड्यांचे भाग तर कित्येक वर्षं इकडून तिकडे जातच होते. आता सगळ्याच मालाचं ठरणार होतं. आपल्या भागातल्या कोणत्या थरातले लोक याच्या बाजूने आहेत आणि कोणते विरोधात, हे डायरेक्टरना शोधायचं होतं.

तीन दिवस आम्हाला शिकवलं. प्रश्न छापला आहे तसाच वाचायचा. समजावून सांगायचं नाही. उत्तर आवडलं तरी मान डोलवायची नाही. दार उघडेल त्याला विचारायचं नाही, तर घरातल्या मोठ्या माणसांपैकी ज्याचा वाढदिवस सगळ्यांत अलीकडे झाला असेल त्याला विचारायचं. आणि घर बंद असलं तर वेगवेगळ्या वेळी एकूण तीनदा जायचं.

माझ्या उच्चारांमुळे असेल, डायरेक्टरांनी मला सोपे भाग दिले. नोव्हाय आणि आसपासच्या नव्या वसाहती. कालपरवापर्यंत तिथे मक्याची शेतं होती, आता दोन-दोन गॅरेजची घरं उभी होती. लोक दार उघडत, बूट काढू का विचारलं तर नको नको म्हणत, कॉफी देत. मी मुख्य प्रश्न वाचायचे: "दोन्ही देशांची एकच बाजारपेठ व्हावी याला तुमचा पाठिंबा आहे का? आहे, नाही, की माहीत नाही?" बहुतेक जण प्रश्न संपायच्या आत "आहे" म्हणत. एकाने कारण दिलं, पुलावर कमी वेळ थांबावं लागेल. दुसऱ्याने सांगितलं, त्याच्या कंपनीला तिकडे मोठं गिऱ्हाईक मिळणार आहे. मला ही माणसं आवडली. माझंही मत तेच होतं. एम.ए.ला मी व्यापाराचे फायदे पाठ करून पेपर लिहिले होते. नवऱ्याचंही तेच म्हणणं होतं. "स्वस्तात चांगली वस्तू मिळाली तर वाईट काय?" तो म्हणायचा.

एका पॉटलकमध्ये मी कामाबद्दल सांगितलं, तर आमच्यातले सगळ्यांत जुने डॉक्टर काका म्हणाले, "अगं, यात लोकांना विचारण्यासारखं काय आहे? ज्याला समजतं तो हो म्हणतो. ज्याला समजत नाही तो नाही म्हणतो." सगळे हसले. मीही हसले. ते हसू मला नंतर बरेच दिवस आठवत राहिलं.

महिना झाला. माझे फॉर्म सगळ्यांत जास्त भरले होते. पण ऑफिसात एक जाड पाकीट होतं, ते कमीच होत नव्हतं. शहराच्या पूर्वेकडचा एक भाग, बंद पडलेल्या कारखान्याच्या मागच्या गल्ल्या. तिथे पाठवलेली आमच्यातली दोन्ही मुलं 'घर बंद', 'नकार', 'घर बंद' अशा खुणा करून परत येत. तिथे तिसऱ्यांदा कोणी गेलंच नव्हतं, हे खुणांच्या शाईवरूनच कळत होतं. तिन्ही एकाच बैठकीत केलेल्या.

डायरेक्टरांनी सगळ्यांना बोलावलं. म्हणाले, "बाकी सगळीकडून पुरेसे फॉर्म आले आहेत. त्या भागातली थोडी घरं मिळाली तेवढी पुरे. आता आपण काम थांबवू. निकाल स्पष्ट आहे, लोकांचा पाठिंबा आहे."

मला नागपूरच्या आमच्या सर्वेक्षण शिकवणाऱ्या बाई आठवल्या. विणकरांच्या वस्तीत आम्ही मुली पाहणीला गेलो होतो आणि रस्त्यालगतची पक्की घरं करून दुपारीच परत आलो. बाईंनी आमचे कागद पाहिले, काही न बोलता आम्हाला पुन्हा रिक्षात बसवलं आणि स्वतः पुढे होऊन वस्तीच्या अगदी मागच्या टोकाला नेलं. तिथे माग बंद होते. पुढच्या घरांतले चालू होते. एकाच वस्तीत.

मी हात वर केला. सात वर्षांत इंग्रजीत इतक्या माणसांसमोर मी पहिल्यांदाच बोलत होते.

"ज्यांनी दार उघडलं आणि ज्यांनी उघडलं नाही, ती माणसं एकसारखी नाहीत," मी म्हटलं. "आपल्याला विचारायचं आहे की कोणत्या थरातले लोक काय म्हणतात. आणि सगळ्यांत खालच्या थराला तर आपण विचारलंच नाही."

डायरेक्टरांनी नाक पुसलं. "तिथे कोणी जायला तयार नाही."

"मी जाईन."

त्यांनी मला दोन आठवडे दिले.

घरी हे सांगितल्यावर नवऱ्याने चमचा खाली ठेवला. "तिथे? एकटी? यार, सगळी खिडक्या फुटलेली घरं आहेत तिकडे. सेफ नाहीये."

"दिवसा जाणार आहे. लोक राहतात तिथे. लोकांचीच तर लिस्ट आहे माझ्याकडे."

"कॅन्सल कर ना. एवढं सगळ्यांनी सोडलंय, तुलाच काय पडलंय?"

मी यादी पिशवीत घातली. शेवटी त्याने शनिवार मुलीसाठी मोकळे ठेवायचं कबूल केलं आणि स्टेशन वॅगन गाडीच्या चाकांत हवा भरून दिली. मुलगी म्हणाली, "मॉम, आर यू अ डिटेक्टिव्ह?" मी हो म्हटलं.

पहिल्या दिवशी एकही दार उघडलं नाही. लाकडी घरं, पुढे पडव्या, मधल्या जागा रिकाम्या, जिथे घरं होती आणि आता नुसतं गवत होतं. आतून टीव्हीचा आवाज यायचा, पडदा हलायचा आणि मग आवाज बंद व्हायचा. दुसऱ्या दिवशी एका माणसाने दाराआडूनच विचारलं, "चर्चची की म्युनिसिपालिटीची?" मी म्हटलं, दोन्ही नाही. "मग कशाला आलीस?" म्हणून तो आत गेला.

तिसऱ्या दिवशी एका निळ्या दाराच्या घरासमोर एक बाई वाळलेली पानं झाडत होत्या. पन्नाशी ओलांडलेल्या, काळ्या, उंच, डोक्याला रुमाल बांधलेला. मी दोन घरांतून तशीच परत आलेली त्यांनी पाहिली होती.

"ए मुली," त्यांनी हाक मारली, "तो क्लिपबोर्ड पिशवीत टाक आधी."

"का?"

"इथे क्लिपबोर्ड घेऊन येतात ते घर पाडायचं की ठेवायचं ते ठरवणारे. वर हा तुझा काळा कोट. मी तरी कशाला दार उघडलं असतं?"

मी क्लिपबोर्ड पिशवीत टाकला. मग त्यांना सांगितलं, मी लोकांची मतं विचारायला आले आहे. त्यांनी झाडू भिंतीला टेकवला.

"मतं? इथे?"

त्यांचं घर माझ्या यादीत होतं. त्या एकट्याच राहत, त्यामुळे वाढदिवसाचा प्रश्न आला नाही. स्वयंपाकघरातल्या टेबलाशी त्यांनी मला बसवलं. त्यांनी बावीस वर्षं गाड्यांच्या सीटची कव्हरं शिवली होती. कारखाना बंद होऊन चार वर्षं झाली होती. आता त्या आठवड्यातून दोन दिवस एका शाळेच्या कँटीनमध्ये जात. सगळी उत्तरं त्यांनी विचार करून दिली. मग मी मुख्य प्रश्न वाचला.

"पुन्हा वाच," त्या म्हणाल्या.

मी पुन्हा वाचला. आहे, नाही, की माहीत नाही?

"यातलं एकही माझं उत्तर नाही."

मला समजावून सांगायची परवानगी नव्हती. मी पेन हातात तयार धरलं. त्याच बोलू लागल्या.

"माझी बहीण लग्न करून विंडसरला गेली आहे. कॅनडाशी माझं काही भांडण नाही. गाड्यांचे भाग किती वर्षं पूल ओलांडतायत, त्याने माझं काही बिघडलं नव्हतं. माझं काम गेलं ते मेक्सिकोला. तेव्हा एका शुक्रवारी नोटीस लागली, बस्स. तुझ्यासारखं कोणी विचारायला आलं नाही. आता तू विचारतेस, एकच बाजार करायचा का? कर ना. पण माझ्यासारखीचं काम गेलं तर तिला दुसरं काम शिकवणार का? शिकेपर्यंत तिचं घर चालेल असं काही करणार का? ते करणार असतील तर माझं उत्तर हो. नसतील तर नाही. तुझ्या कागदावर यासाठी चौकोन आहे का?"

चौकोन नव्हता. मी तिन्ही चौकोन मोकळे सोडले आणि त्यांचे शब्द जसेच्या तसे समासात लिहिले. समास पुरला नाही, म्हणून मागच्या बाजूला लिहिले. मग त्यांना वाचून दाखवले. एका जागी त्यांनी मला थांबवलं. "'माझ्यासारखी' नाही, 'आमच्यासारख्या' लिही. आम्ही त्या मजल्यावर पुष्कळ जणी होतो."

निघताना त्या गाडीपर्यंत आल्या. दार उघडून त्यांनी पुढच्या सीटच्या कडेवरून अंगठा फिरवला. शिवण संपते तिथे थांबल्या. "आमच्या मजल्याची आहे ही," त्या म्हणाल्या. "इथे उलटे टाके घालायला मीच शिकवायचे सगळ्यांना."

माझा नवरा अशाच सीटचे नकाशे काढतो, हे मी सांगितलं. मला वाटलं त्यांना राग येईल. त्यांनी फक्त विचारलं, "मग सीटची पाठ तो इतकी सरळ का काढतो? लांब जाताना कंबर दुखते."

दुसऱ्या दिवसापासून त्या माझ्याबरोबर येऊ लागल्या. मुलाखतीला तिसरं माणूस चालत नाही, म्हणून त्या फक्त पायरीपर्यंत यायच्या, हाक मारायच्या, "उघड रे, ही पाडायला नाही आली," आणि दार उघडलं की पुढच्या घरासमोर जाऊन उभ्या राहायच्या. दारं उघडली. एका घरात अंथरुणाला खिळलेल्या आजोबांचा वाढदिवस सगळ्यांत अलीकडचा निघाला. त्यांची मुलगी म्हणाली, त्यांना कशाला त्रास, मी सांगते. मी नियम सांगितला. आजोबांनी उशीला टेकून एकूण एक प्रश्नाचं उत्तर दिलं आणि शेवटी मुलीला म्हणाले, "बघ, मला विचारायला आली होती ती."

दोन आठवड्यांत मी ते पाकीट संपवलं. चार घरं खरोखरच रिकामी होती आणि दोघांनी शेवटपर्यंत नकार दिला. बाकी सगळे फॉर्म भरले. काहींनी सरळ 'नाही' म्हटलं, काहींनी 'आहे'. पण खूप जणांचे चौकोन मोकळे होते आणि समास भरलेले होते. प्रत्येकाचे शब्द वेगळे होते, पण अट तीच. एक जण लेथ चालवणारा होता, एक बाई हॉस्पिटलात चादरी धुणारी होती, एक पोस्टातून निवृत्त झालेला होता. कोणालाही 'समजत नव्हतं' असं नाही. नोव्हायमध्ये एकानेही मला विचारलं नव्हतं की काम गेलेल्यांचं काय. इथे तो प्रश्न प्रत्येक घरात होता.

शेवटच्या दिवशी गाडीत बसल्यावर, डॉक्टर काकांच्या वाक्यावर मी हसले होते ते आठवलं आणि मला माझीच लाज वाटली.

ऑफिसात फॉर्म पाहणाऱ्या मुलीने मोकळ्या चौकोनांवर पेन ठेवलं. सूचनेप्रमाणे असं उत्तर 'माहीत नाही' मध्ये जायचं. तिने पहिल्या फॉर्मवर खूण करायला सुरुवात केली, तसा मी फॉर्म तिच्या हातातून ओढून घेतला. इतका उद्धटपणा मी आयुष्यात केला नव्हता. मी सगळा गठ्ठा उचलला आणि डायरेक्टरांच्या खोलीत गेले.

"यांना सगळं माहीत आहे," मी म्हटलं. "यांना 'माहीत नाही' मध्ये टाकलं तर आपण खोटं लिहितोय."

"नियम तुम्हाला शिकवला होता," ते म्हणाले. "प्रश्न मध्येच बदलता येत नाही. सगळी तुलना बिघडते."

"बदलू नका. एक वाढवा. ज्यांचं काम जाईल त्यांना शिक्षण आणि तोपर्यंत आधार मिळणार असेल, तर तुमचा पाठिंबा आहे का? हा प्रश्न पुन्हा सगळ्यांना विचारा. नोव्हायवाल्यांनाही."

"सगळ्यांना? पुन्हा?"

"फोनवर विचारता येईल. ज्यांच्याकडे फोन नाही तिथे मी जाईन."

त्यांनी गठ्ठ्यातला वरचा फॉर्म घेतला आणि समास वाचायला लागले. मग दुसरा घेतला. मी उभीच होते. सात-आठ फॉर्म झाल्यावर ते म्हणाले, "बसा ना." आणि वाचत राहिले. त्या दिवशी त्यांनी हो म्हटलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी माझ्या टेबलावर टाइप केलेला नवा प्रश्न होता. माझ्या शब्दांतला एकच शब्द त्यांनी बदलला होता, आणि तो बदल चांगला होता.

पुढचे तीन आठवडे आम्ही सगळे फोनवर होतो, आणि फोन नव्हता तिथे मी जाऊन येत होते. कारखान्यामागच्या गल्ल्यांमधून बहुतेक सगळीकडून 'आहे' आलं. जे आधी ठाम 'नाही' होते त्यांच्यातलेही कितीतरी वळले. नोव्हायकडचे लोक मात्र आता पूर्वीसारखे प्रश्न संपायच्या आत उत्तर देत नव्हते. काही जण म्हणत, "आधार कोण देणार? आमच्या टॅक्समधून?" आणि बराच वेळ थांबून "बरं, आहे," म्हणत. काही जण "नाही" म्हणत. पण सगळे थांबत. ते थांबणं ऐकायला मला बरं वाटायचं.

त्या महिन्यातल्या पॉटलकला डॉक्टर काकांनीच विषय काढला. "काय गं, अडाण्यांनी शेवटी काय उत्तर दिलं?"

"काका," मी म्हटलं, "त्यांनी एकच प्रश्न उलट विचारला, आणि तो आपल्यापैकी एकालाही सुचला नव्हता." आणि मी तो सांगितला. या खेपेला कोणी हसलं नाही. नवरा पुरीचा तुकडा हातात धरून माझ्याकडे बघत होता. घरी जाताना गाडीत तो म्हणाला, "आमच्या डिपार्टमेंटने कव्हरांचा सप्लायर बदलून मेक्सिकोतला केला ना, त्या फाइलवर माझीही सही होती. मला फक्त ड्रॉइंग बरोबर आहे का ते बघायचं होतं."   पुढे निकाल सांगायची सभा ठरली तेव्हा त्याने सुट्टी काढली.

ती सभा शहरातल्या मोठ्या लायब्ररीच्या हॉलमध्ये होती. निकाल सर्वांसमोर वाचायचे होते. पुढच्या ओळीत सूटवाले कारखानदार, युनियनचे दोघे, आणि वॉशिंग्टनला निवडून गेलेल्या एका प्रतिनिधीच्या ऑफिसमधला तरुण अधिकारी. मागच्या ओळींत ज्यांच्या मुलाखती झाल्या त्यांच्यापैकी काही जण. निळ्या दाराच्या बाई जांभळी हॅट घालून आल्या होत्या, त्यांच्याबरोबर गल्लीतली दहा-बारा माणसं. नवरा आणि मुलगी त्यांच्या मागच्याच ओळीत बसले होते.

डायरेक्टरांनी तक्ते दाखवले. मग म्हणाले, "शेवटचा भाग माझ्या सहकारी वाचतील. तो त्यांचाच आहे."

हे आधी ठरलं नव्हतं. मी उठले. हातात फॉर्मचा गठ्ठा होता. मी प्रस्तावना वगैरे काही केली नाही, नावं न घेता समास वाचायला सुरुवात केली. लेथवाल्याचा. चादरीवाल्या बाईंचा. उशीला टेकलेल्या आजोबांचा. माझे 'व्ही' आणि 'डब्ल्यू' एकमेकांत मिसळत होते, पण हॉलमध्ये कोणीही "काय?" म्हटलं नाही.

वाचून झाल्यावर तो तरुण अधिकारी उठला. नम्र होता. "फार हृदयस्पर्शी आहे," तो म्हणाला. "पण त्या भागांतले लोक व्यापाराच्या विरोधात आहेत, हे आम्हाला आधीपासून ठाऊक आहे."

मी उत्तर देण्यासाठी तोंड उघडलं, तोवर मागून जांभळी हॅट उभी राहिली.

"मी त्या भागातली," त्या म्हणाल्या. "या मुलीने आत्ता वाचलं त्यातलं एक माझं आहे. मी विरोधात नाही. मी काय म्हणाले ते तिने जसंच्या तसं लिहून घेतलं आणि मला वाचून दाखवलं. तुम्हाला आधीपासून ठाऊक होतं, तर तुम्हाला कोणी सांगितलं? माझ्याकडे तर तुमच्यापैकी कोणी आलं नव्हतं."

 युनियनच्या एका माणसाने टाळी वाजवली आणि पाठोपाठ सगळ्या हॉलने. त्यांच्या गल्लीतली माणसं उभी राहिली. कारखानदारांपैकी एक म्हातारे गृहस्थही उभे राहिले. माझी मुलगी खुर्चीवर चढून दोन्ही हात डोक्यावर नेऊन टाळ्या वाजवत होती, आणि नवरा तिला खाली उतरवायचं सोडून स्वतःच उभा होता. त्या अधिकाऱ्याचे कान लाल झाले. पण तो खाली बसला नाही. त्याने खिशातून वही काढली आणि म्हणाला, "बाई, तुम्ही पुन्हा सांगाल का? मला लिहून घ्यायचं आहे." बाईंनी पुन्हा सांगितलं. हळूहळू, त्याला लिहिता येईल अशा बेताने.

नंतर चहापाण्याच्या वेळी नवरा त्यांच्याजवळ गेला. मी लांबून बघत होते. तो काय म्हणाला ते मला ऐकू आलं नाही, पण तो खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून काहीतरी विचारत होता आणि त्या दोन्ही हातांनी हवेत पाठीचा वाक दाखवत होत्या. त्याने कागदी नॅपकिनवर तो वाक काढून घेतला.

अहवाल छापून आला तेव्हा समासातल्या उत्तरांचं एक पूर्ण प्रकरण त्यात होतं, आणि मुखपृष्ठावर डायरेक्टरांच्या नावाखाली माझं. पहिली प्रत मी नागपूरला आमच्या बाईंना पाठवली. पुढे करार झाला, त्याची कलमं वॉशिंग्टनमध्ये ठरली, आणि आमच्या अहवालाने त्यातलं काय हललं हे मला खरंच ठाऊक नाही. पण त्या ऑफिसातून पुढे जितक्या प्रश्नावल्या निघाल्या, त्या सगळ्यांत तोट्यात जाणाऱ्यांचं काय, हा प्रश्न छापलेला असायचा. तो गाळायचा असेल तर कारण लिहून द्यावं लागे.

वसंतात डायरेक्टरांनी मला मुलाखती घेणाऱ्यांची प्रमुख नेमलं. मी पहिली नेमणूक निळ्या दाराच्या बाईंची केली. "मला?" त्या म्हणाल्या. "मी काय, पायरीवरून ओरडायला?" मी म्हटलं, "नाही, आत बसून प्रश्न वाचायला." तीन दिवसांचं शिक्षण त्यांनी दीड दिवसात संपवलं, मान न डोलवण्याचा नियम तेवढा त्यांना शेवटपर्यंत जड गेला.

नवीन पाहणी शाळांबद्दल होती. मी त्यांना नोव्हायची यादी दिली. पहिल्या दिवशी संध्याकाळी पाच वाजता त्या ऑफिसात आल्या, कोट न काढताच माझ्या टेबलावर गठ्ठा ठेवला. एकही 'घर बंद' नव्हतं, एकही 'नकार' नव्हता, आणि प्रत्येक फॉर्मचा समास वरपासून खालपर्यंत भरलेला होता.

"इथल्या लोकांनाही पुष्कळ सांगायचं असतं," त्या खुर्चीत बसत म्हणाल्या. "त्यांनाही कोणी नीट विचारत नाही वाटतं. चल, वाचून दाखवते."